‘शॉक देतात का हो अजून?’

मागच्या वेळी स्किझोफ्रेनियावर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. वाचताना जाणवलं की विचारणा आजच्या उपचारांची असते, पण भीती आजी-आजोबांच्या काळातल्या उपचारांची असते. तिला अडाणीपणा म्हणू नये. तेव्हा जे घडलं, ते घरातल्या कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून यावेळी उत्तरं देताना जरा मागं जाऊन सांगतो. गोळ्यांचे डोस मात्र कुणी विचारू नयेत. पत्रावरून डोस सांगत नसतात.

प्रश्न : धाकट्या बहिणीला तीव्र डिप्रेशन आहे. आठवडाभर तिनं जवळजवळ अन्न सोडलंय. डॉक्टर ‘ईसीटी’ म्हणतात, म्हणजे शॉकच ना? आमच्या एका आत्याला पन्नास-साठ वर्षांपूर्वी शॉक दिले होते. चौघांनी दाबून धरलं होतं, दातही पडला, असं आई सांगते. ती सही करायला तयार नाही. – एक वाचक, सांगली

हो, ईसीटी म्हणजे शॉकच. आणि आई सांगतात तेही खरंच असणार.

१९३४ च्या सुमारास हंगेरीत मेदुना नावाच्या डॉक्टरनं औषध टोचून मुद्दाम झटका आणायला सुरुवात केली. फिट येणाऱ्यांना स्किझोफ्रेनिया होत नाही, असा त्याचा समज होता. समज चुकीचा ठरला, पण झटक्यानंतर काही रुग्ण खरोखर सुधारतात, हे मात्र दिसलं. इंजेक्शन दिल्यापासून झटका येईपर्यंतचा वेळ रुग्णाला इतका भयानक वाटे की पुन्हा कुणी तयार होत नसे. मग १९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी या दोघांनी त्याऐवजी वीज वापरली. ती स्वस्त होती, झटपट होती आणि जगभर पसरली. पण भूल नव्हती आणि अंग सैल पाडणारं औषधही नव्हतं. अख्खं शरीर झटका घ्यायचं, कधी मणका दबायचा, कधी दात जायचा. म्हणून चौघं धरायचे. १९५० नंतर स्नायू सैल करणारी औषधं आली, पण भूलतज्ज्ञ कुठून आणायचा, या सबबीवर आपल्याकडे बिनभुलीचे शॉक त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिले. त्यावर कायद्यानं बंदी आली ती थेट २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात. इतका उशीर व्हायला नको होता, हे आमच्या व्यवसायानं मान्य करायला हवं.

आता बहिणीच्या वेळी काय होईल ते सांगतो. तिला सकाळी उपाशीपोटी नेतील. एका पायाच्या घोट्यावर बीपीचा पट्टा बांधून फुगवतील. भूलतज्ज्ञ शिरेतून झोपेचं औषध देईल आणि मग अंग सैल पाडण्याचं. पट्ट्यामुळे हे दुसरं औषध त्या पावलात उतरत नाही. करंट काही सेकंदांचा. बाकीचं शरीर निपचित असतं, तेवढी त्या पायाची बोटं थरथरतात, आणि झटका आला हे डॉक्टरला त्या पावलावरून आणि मेंदूच्या आलेखावरून कळतं. हे साधारण अर्धा-पाऊण मिनिट चालतं. अर्ध्या तासात ती जागी होईल, डोकं दुखेल, थोडी गोंधळलेली असेल. आठवड्याला दोन किंवा तीन, असे एकूण सहा ते बारा शॉक लागतात.

स्मरणशक्तीबद्दल कुणी ‘काहीच होत नाही’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. उपचारांच्या दिवसांतलं बरंचसं पुसट होतं. नवं लक्षात ठेवण्याची शक्ती बहुतेकांची काही आठवड्यांत परत येते. त्याआधीच्या काही महिन्यांतल्या आठवणींत मात्र काहींना कायमची भोकं राहतात. हे तोलून ठरवायचं. पण जिनं खाणंपिणं सोडलंय, तिच्या बाबतीत मला शॉकपेक्षा उशिराची जास्त भीती वाटते. आईंना भूलतज्ज्ञाची भेट घालून द्या. त्यांच्या डोळ्यांसमोर ती चार माणसं आहेत. आता तिथं कोण उभं असतं, ते त्यांना त्याच्याच तोंडून ऐकू दे.

प्रश्न : मेंदूचा भाग कापून टाकतात, तसं ऑपरेशन आजही होतं का? – सोलापूर

तुम्ही म्हणता ते लोबोटॉमीचं ऑपरेशन इतिहासजमा झालं आहे. १९३५ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनीझनं ते सुरू केलं आणि १९४९ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमननं डोळ्याच्या खोबणीतून सळई घालून ते मिनिटांत उरकायची पद्धत काढली. माणसं शांत झाली, पण अनेक जण पुन्हा माणसांत आले नाहीत. गोळ्या आल्या आणि हे थांबलं. फार हट्टी ओसीडीसारख्या (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती सुटत नाहीत असा आजार) मोजक्या आजारांत आज अगदी निराळ्या प्रकारच्या, नेमक्या जागेवरच्या शस्त्रक्रिया क्वचित होतात. भारतात त्यासाठी रुग्णाची स्वतःची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी, दोन्ही लागतात.

प्रश्न : मिस्टरांना बायपोलर (कधी उन्माद, कधी उदासी) आहे, लिथियम चालू आहे. दर काही महिन्यांनी रक्त तपासायला सांगतात. दीर म्हणतो, हे लॅबचं कमिशन आहे. खरं का? – अकोला

कट प्रॅक्टिस आपल्याकडे नाही, असं मी म्हणणार नाही. पण ही तपासणी त्यात मोडत नाही. ती कुठून आली ते ऐकाच.

जॉन केड हा ऑस्ट्रेलियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तळावर जपान्यांचा कैदी होता. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या एका इस्पितळात, बिनवापराच्या स्वयंपाकघरात तो प्रयोग करू लागला. गिनीपिगना लिथियमचा क्षार टोचला तेव्हा ती गप्प पडून राहिली. हा बहुधा विषारीपणाचाच परिणाम होता, असं आज मानतात. केडनं ते आधी स्वतः घेऊन पाहिलं आणि मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिलं. १९४९ मध्ये त्याचा लेख छापून आला. पहिला रुग्ण वर्षानुवर्षं कोठडीत गोंधळ घालणारा होता. तो काही महिन्यांत सुधारून घरी गेला, कामाला लागला. मग त्यानं गोळ्या सोडल्या आणि आजार उलटला. परत लिथियम सुरू केलं, आणि १९५० मध्ये तो लिथियमच्याच विषबाधेनं गेला. केड इतका हादरला की त्यानं आपल्या इस्पितळात हे औषधच बंद केलं.

गुण येण्याची मात्रा आणि विष होण्याची मात्रा यांत अंतर फार कमी, हीच अडचण होती. त्या पहिल्या दिवसांत रक्तातलं लिथियम नेमानं मोजण्याची सोय नव्हती. ती रुळल्यावरच औषध सुरक्षितपणे देता येऊ लागलं. रक्तात ते साधारण ०.६ ते १ मिलिमोल प्रतिलिटर हवं. दीडच्या वर गेलं की हात जोरात थरथरतात, जुलाब होतात, चाल लटपटते. म्हणून रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं. सोबत अधूनमधून थायरॉईड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन.

तुमच्या गावाला तर हे आणखी महत्त्वाचं. अकोल्याच्या मे महिन्यात घामानं अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की लिथियम चढतं. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले, बीपीसाठी लघवीची गोळी सुरू झाली किंवा गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक आणून घेतलं, तर लगेच डॉक्टरांना फोन करा. एकदम मीठ बंद करण्याचा उपासही नको. आणि दीरांना सांगा, या औषधाची किंमत इतकी कमी आहे की कुठल्या कंपनीला त्याची जाहिरात करण्यात रस नाही. तरीही सत्तर वर्षांत बायपोलरमध्ये त्याच्या तोडीचं फार थोडं सापडलंय.

प्रश्न : मी बीएएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. मनोविकारावरचं पहिलं आधुनिक औषध आपल्या सर्पगंधेपासून निघालं आणि पाश्चात्त्यांनी ते उचललं, असं आम्हाला अभिमानानं सांगतात. कितपत खरं? – नाशिक

अभिमान बाळगण्यासारखं त्यात बरंच आहे, पण सांगतात तशी ती गोष्ट नाही.

बिहार-बंगालकडे सर्पगंधेचं मूळ ‘पागल की दवा’ म्हणून विकलं जात असे. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब, दोन्हींत त्याचा गुण येतो असं लिहिलं. जगानं लक्ष दिलं नाही. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले, तेव्हा कुठे युरोप-अमेरिकेचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइननं ते वापरल्याचं जाहीर केलं. म्हणजे चोरी म्हणावी असं काही झालं नाही. आपल्याच माणसांनी जगापुढे मांडलं होतं. आपण आपल्याच सेन-बोसांचा लेख वीस वर्षं वाचला नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

पुढं रेसर्पिन मागं पडलं, कारण त्यानं रक्तदाब फार उतरायचा, काहींना उदासी यायची, आणि त्याच वेळी दुसरं औषध हाती आलं होतं. फ्रेंच नौदलातला सर्जन आन्री लाबोरी शस्त्रक्रियेतला धक्का कमी करायला औषध शोधत होता. क्लोरप्रोमाझिन दिलेले रुग्ण जागे असूनही बेफिकीर असतात, हे त्याच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात दले आणि देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. आरडाओरडा थांबला आणि रुग्णांशी बोलता येऊ लागलं. जुन्या घरांत ‘लार्गॅक्टिल’ हे नाव ऐकलं असेल, ते हेच. त्याचेही भोग होतेच: हात थरथरणं, चेहरा थिजणं, जीभ वळवळणं. ‘गोळ्यांनी माणूस दगड होतो’ ही समजूत त्या पिढीच्या औषधांतून आली. आजच्या औषधांत कडकपणा कमी, पण वजन आणि साखर वाढते. तेव्हा कंबरेचा घेर मोजत राहा.

तुम्ही प्रॅक्टिस सुरू कराल तेव्हा एक पाळा. रुग्ण बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या घेत असेल, तर त्यावर सर्पगंधा देऊ नका.

प्रश्न : आमची पणजी ठाण्याच्या इस्पितळात गेली ती परत आलीच नाही. घरात तिचा फोटोसुद्धा नाही. आता माझ्या भावाला दाखल करायची वेळ आली आहे. त्याला मान्य नाही. एकदा दाखल केलं की बाहेर येतो का? – डोंबिवली

पणजीच्या काळात १९१२ चा ‘लुनसी अ‍ॅक्ट’ होता. मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं माणूस आत जाई. कायद्याचा भर समाजाला वेड्यापासून वाचवण्यावर होता. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही आपली चारही मनोरुग्णालयं इंग्रजांच्या काळातली, उंच भिंतींची. आत उपचार म्हणावेत असे फार नव्हते. बाई बरी झाली तरी तिला न्यायला कुणी येत नसे. अनेकदा दिलेला पत्ताच खोटा असायचा. फोटो का नाही, याचं उत्तर बहुधा त्यातच आहे.

या भिंतीला पहिलं खिंडार पाडलं ते अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांनी, १९५० च्या दशकात. त्यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं. आई-बाप स्वतः स्वयंपाक करत, रुग्णाला भरवत, गोळ्या कशा द्यायच्या ते शिकत आणि बरोबर घेऊन घरी जात. त्यासाठी परदेशातून काही आणावं लागलं नाही, फार पैसाही लागला नाही. गोळ्यांचा शोध जितका मोठा, तितकीच मला ही कल्पना मोठी वाटते, आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

आता भावाचं. २०१७ च्या कायद्याप्रमाणे, त्याची संमती नसताना दाखल करायचं असेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीनं, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घ्यायला नेमलेल्या माणसानं, अर्ज करावा लागतो. दोन तज्ज्ञ, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला वेगवेगळं तपासतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका आहे, किंवा तो स्वतःची अजिबात काळजी घेऊ शकत नाही, असं दोघांनाही वाटायला हवं. मग जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. मानसिक आरोग्य मंडळाला कळवावं लागतं, आणि भावाला स्वतःला मंडळाकडे दाद मागता येते. त्यापुढं ठेवायचं तर पुन्हा सगळी तपासणी. निव्वळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला आत ठेवता येत नाही, असंही कायदा म्हणतो. कागदावर. प्रत्यक्षात बरे होऊनही आत राहिलेल्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तुम्ही फक्त एवढं करा: पत्ता खरा द्या आणि दर रविवारी भेटायला जा.

तो बरा असेल तेव्हा त्याच्याकडून आगाऊ लिहून घेता येतं की पुन्हा आजार उलटला तर कुठले उपचार चालतील, कुठले नकोत, निर्णय कुणी घ्यावा. ही कायद्यातली तरतूद आहे, आणि भांडणं टाळायला तिच्यासारखा उपाय नाही.

प्रश्न : वहिनीला बाहेरचं झालंय असं सासरचे म्हणतात. दर अमावास्येला देवस्थानी नेतात, मागच्या वेळी हात बांधून ठेवले होते. मी मध्ये पडले तर ‘नास्तिक’ म्हणतात. – बीड जिल्हा

देवाला नेण्यावरून भांडू नका, हरणार तुम्हीच. हात बांधण्यावरून मात्र जरूर भांडा. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. बांधल्यामुळे पळता आलं नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आज २०१७ च्या कायद्यानं साखळीला बंदी आहे. आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली भूत उतरवण्याच्या नावानं दोरीनं, साखळीनं बांधणं, मारहाण करणं हा गुन्हा आहे.

बोलायची वाट मात्र दुसरी आहे. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच सोबत घेऊन ‘दवा आणि दुआ’ असा प्रयोग झाला. दुआ चालू, शेजारीच डॉक्टर. तसंच म्हणा: ‘अंगारा लावा, नवस फेडा, पण जिल्हा रुग्णालयात एकदा दाखवू आणि गोळी चुकवायची नाही.’ जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथं औषधं मोफत मिळतात. घरातून बोलायला वाव नसेल तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनच्या नंबरावर मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मला अँक्झायटी आणि सौम्य डिप्रेशन आहे, असं निदान झालंय. गोळ्या नको वाटतात. नुसतं बोलून कुणी बरं होतं का? – पुणे

सौम्य आजारात होतं. मात्र ‘बोलणं’ म्हणजे मन मोकळं करणं एवढंच नाही. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास अल्बर्ट एलिसनं आणि १९६० च्या दशकात अ‍ॅरन बेकनं माणसाच्या विचारांवर थेट काम करणाऱ्या पद्धती बांधल्या. एलिसची पद्धत मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजवली ती कि. मो. फडके यांनी. त्यात घरचा अभ्यास असतो, नोंदी असतात, टाळत आलेली गोष्ट करून पाहायची असते. कंटाळा येतो.

आणि त्याला मोठी पदवीच लागते असंही नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून डिप्रेशनच्या रुग्णांना अशी सहा-आठ सत्रं दिली. नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांना जास्त गुण आला, हे शास्त्रीय चाचणीत दिसलं. दीड-दोन महिने नीट करूनही फरक पडला नाही, झोप-भूक गेली किंवा जीव द्यावा असं मनात आलं, तर मग गोळ्यांना नाही म्हणू नका. त्या व्यसन लावत नाहीत. फक्त एकदम बंद केल्या की चक्कर, बेचैनी येते, म्हणून हळूहळू कमी करतात. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, आणि लोक नेमक्या त्याच आनंदानं घेतात.

प्रश्न : मेडिक्लेममध्ये मनोविकार बसतात का? – ठाणे

बसायला हवेत. कायद्यात तशी तरतूद आहे आणि २०१८ मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना तसं कळवलं आहे. नाकारलं तर लेखी कारण मागा आणि विमा लोकपालाकडे जा.

प्रश्न : मुलाला सहा वर्षांपूर्वी बायपोलरचा झटका आला होता. गोळ्यांवर तो ठीक आहे, नोकरी करतो. लग्न झालं की गोळ्याही सुटतील, असं आमचे जुने फॅमिली डॉक्टर म्हणतात. स्थळाला सांगावं का? – कोल्हापूर

‘लग्न लावून द्या’ हे एके काळी खरोखरच औषध म्हणून सांगत. हातात दुसरं काही नव्हतं. त्याची किंमत कुणा ना कुणा सुनेनं मोजली. लग्नानं गोळ्या सुटत नाहीत. तुमचा मुलगा ठीक आहे तो गोळ्यांमुळे, त्यामुळे त्या सोडायच्या नाहीत.

सांगायचंच. लपवलं तर फसवणूक म्हणून लग्न रद्द करण्यासाठी कोर्टात जाता येतं. त्याहीपेक्षा, ज्या घरात गोळ्या लपवून घ्याव्या लागतात तिथं त्या चुकतात. पत्रिका जुळवायच्या आधी नको, साखरपुडा झाल्यावर तर नकोच. दोघं एकमेकांना पसंत पडली की मुलानं स्वतः सांगावं, आणि मुलीला वाटलं तर डॉक्टरांकडे सोबत न्यावं. तिचे प्रश्न तिथं सुटतील, मुलं व्हायच्या वेळी औषधं बदलावी लागतात का हाही.

आणि ठरलंच, तर बायपोलरमध्ये जागरणानं आजार उलटू शकतो, हे लक्षात असू द्या. हळदीची रात्र, वरातीची रात्र, गोंधळ, लगेच पहाटेची हनिमूनची गाडी, असं सगळं सलग ठेवू नका. गोंधळ आठ दिवस पुढं ढकलला तर देवी रागावणार नाही.